हाराची कडी

डोंबिवली, २ मार्च

हितेश,

मेला नाही तो. आत बसून तुला तेवढंच ऐकायचं असेल, म्हणून पहिली ओळ तीच लिहिली. हर्षित जिवंत आहे.

मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात. माझ्याकडे तुझ्यासाठी सध्या नुसत्या शिव्या आहेत, आणि जेलमध्ये पत्र आधी साहेब लोक उघडून वाचतात असं वकील बोलले, म्हणून त्याही गिळतेय. एखादी सुटली तर साहेबांनी माफ करावं.

जबडा तारेने बांधलाय. नळीने पेज पितो. डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या मनगटाचा चुरा झालाय, त्यात पट्टी आणि स्क्रू घातलेत, आणि बोटांचं विचारलं की डॉक्टर दुसरीकडे बघतात. वेल्डरचा उजवा हात. तू स्वतः वेल्डर आहेस, कुठे मारायचं ते तुला बरोबर ठाऊक.

खडवलीला नदीवर काय झालं ते मी इथे लिहून ठेवते, कारण उद्या कोर्टात तू 'रागाच्या भरात' बोलशील. बाबांचं दहावं होतं. पिंड ठेवलेला, कावळा शिवत नव्हता. ऊन चढलेलं, भटजी कंटाळलेले. नामाकाका बोलला, "बापसाचा जीव कशात तरी अडकलाय रं," आणि सगळी भावकी वळून हर्षितकडे, घरच्या जावयाकडे बघायला लागली. तो आईच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. तू पुढे झालास, हात जोडलेस आणि मोठ्याने बोललास, "बाबा, ज्याने तुमचा जीव घेतला त्याला मी जिता सोडणार नाय." मग जीपपर्यंत गेलास. चालत गेलास, हितेश, धावत नाही. चाकाचा मोठा पाना काढलास आणि चालतच परत आलास. हा राग नव्हे.

पहिला फटका छत्रीवर बसला, दुसरा मनगटावर, तिसरा तोंडावर. तो आईच्या अंगावर पडला. आईच्या लुगड्यावर त्याचे दात पडलेले मी वेचले. तू आईला ओलांडून मारत होतास, तुझा एक पाय तिच्या पदरावर होता. मी तुझ्या हाताला कडकडून चावले तेव्हा पाना सुटला. दात उमटलेत ना अजून? राहू देत.

आणि मग कावळा शिवला. सगळे बोलले, बघा, काळुरामची इच्छा पुरी झाली. अरे, सगळे पिंड सोडून मारामारी बघायला धावले, घाट मोकळा झाला, म्हणून उतरला तो! एवढी माणसं कोंडाळं करून उभी राहिल्यावर कुठला कावळा खाली येईल? पण नाही, आपल्या लोकांना बापाचा कौलच मिळाला.

तुझं म्हणणं काय, तर कल्याणच्या साईटवर आपल्या 'एकवीरा' क्रेनचा बूम, तो लांब हात, वजन उचलताना तुटला, खाली इशारे करत उभे असलेले बाबा त्याच्याखाली गेले, आणि त्याच बूमला डिसेंबरमध्ये हर्षितने वेल्डिंग केलेलं. बस, तुला तेवढं पुरलं. तुटलेला तुकडा उलटा करून बघितलास का एकदा तरी?

मग हेही बोलायचंस की ते वेल्डिंग कसं केलेलं. बूमचा पत्रा साध्या लोखंडाचा नाही. आपल्या आजोबांच्या विळ्याला लोहार पाणी द्यायचा ना, तसं त्याला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. लाल करून विझवायचा, मग मंद शेकून कडकपणा जरा उतरवायचा. म्हणून पातळ पत्रा एवढं वजन पेलतो. पण त्याचे नखरे फार. आच जास्त झाली की दिलेलं पाणी उतरतं आणि पत्रा मऊ पडतो. थंड पत्र्यावर झटकन टाका मारला की तेवढी जागा काचेसारखी होते, आणि रॉड दमट असला तर तडा जातो. तोसुद्धा लगेच नाही. एक-दोन दिवसांनी, माणूस घरी जाऊन जेवून झोपल्यावर.

हर्षितने पत्रा आधी बर्नरने शेकला. पत्रा पुरेसा तापल्यावरच वितळतो तो तापमानाचा खडू फिरवून बघितला. रॉड सुकवायच्या भट्टीतून एकेक काढले, बारीक टाके घातले, वरून कांबळं टाकलं आणि दोन दिवस क्रेनला कुणाला हात लावू दिला नाही. तू काय बोललेलास आठवतं? "कोळ्याचा पोरगा लोखंडाला पोरीसारखा गोंजारतो." सगळे हसले. बाबाही हसले. मग मी तपासलं, आणि मी हो बोलल्यावरच क्रेन बाहेर गेली.

तुझी ताई असं खाली लिहायची सवय आहे. आज नुसतंच

रुपाली


डोंबिवली, ९ मार्च

हितेश,

काल पोलीस आलेले. तुझ्यासाठी नाही, हर्षितसाठी. निष्काळजीपणाने मृत्यू. ज्याला तू फोडलास तोच आता आरोपी. जबडा सुटला की त्यालाही आत घेतील, मग बसा दोघं एका बराकीत, साला-मेहुणा.

त्याला बोलता येत नाही, म्हणून मी पाटी आणून दिलीय. डाव्या हाताने लिहितो, पहिलीतल्या पोरासारखं. हवालदाराने विचारलं, जोड कशाने सुटला? त्याने लिहिलं, 'सुटला का? कोणी पाहिला?' हवालदार बोलला, मला काय कळतंय त्यातलं. पंचनाम्यात 'बूम तुटला' एवढंच आहे. तुकडे आपल्याच यार्डात, नामाकाकाच्या ताब्यात.

आता खरं सांगू? मला भीती वाटतेय. जोड त्याने घातला, पण तपासला मी. पुसून, लाल रंग मारून, परत पुसून, पांढरी पावडर मारून बघितलं; तडा असता तर त्यात मुरलेला लाल पांढऱ्यावर उमटला असता. केसाएवढी रेघ दिसली नाही. पण माझ्या नजरेतून सुटला असेल तर? रोज सकाळी हर्षितला नळी लावताना तो जोड डोळ्यासमोर आणते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो जोड तुटला असेल तर बाबांना आम्ही दोघांनी मारलं. तुटला नसेल तर तू एका निर्दोष माणसाचा हात घेतलास. मला हे कळल्याशिवाय अन्न गोड लागणार नाही, आणि ते बूमच्या त्या तुटलेल्या तोंडावरच लिहिलेलं असणार.

नामाकाका शहाळी घेऊन आलेला. खाटेवर बसला, हर्षितच्या पायावर हात ठेवला, गोड बोलला. "बाय, घरातली गोष्ट घरात मिटव. तू हितेशवरची तक्रार मागं घे. आमी हर्षितवर काय बोलणार नाय. तो बूम भंगारात देताव. काय उरतंय मग?"

मी बोलले, "आणि बाबांना जावयाने मारलं, ते?"

"लोक इसरतात गं."

कुठले विसरतात? उद्या कुणाच्या हळदीला गेलो तर ताट वाढताना बाया त्याच्याकडे पाठ करतील. त्याच्या हातचं काम परत कुणी घेणार नाही. आणि आई? आई त्याच्याकडे बघताना काय बघेल? मी शहाळं उचललं आणि काकाच्या पायावर आपटलं. अंगठ्याचं नख गेलं त्याच्या. शिव्या देत लंगडत गेला. नर्स मला ओरडली, फरशी मीच पुसली.

रुपाली


डोंबिवली, १४ मार्च

हितेश,

आईचा फोन आला, "यार्डात लोखंड कापणारा गॅसवाला आलाय." मी हर्षितला तसाच सोडला, रिक्षा पकडली. भोपरच्या यार्डाचं फाटक आतून बंद. भिंतीवरून चढले, साडी फाटली, गुडघा फुटला.

गॅसवाल्याने कटर पेटवलेला. निळी ज्योत, आणि काका लांबून बोट दाखवत होता, इथून काप, तिथून काप. अरे, तुटलेल्या तोंडावर एकदा ती ज्योत फिरली असती ना, तर सगळं वितळून पुसलं गेलं असतं. मग देवालाही कळलं नसतं कशाने तुटला ते. मी धावत जाऊन त्या तोंडावर पालथी पडले. ज्योत माझ्या खांद्यापासून वीतभर. गॅसवाला बिचारा घाबरला, बोलला, "सेठ, हमको घर के झगड़े में मत डालो," आणि कटर बंद केला.

काकाने माझी वेणी धरली. फरफटत नेलं मला, हितेश, ज्या यार्डात आपण लहानपणी डबा ऐसपैस खेळलो त्यातून. तोंडात माती गेली. माझ्या पिशवीत टाक्यावरची खपली उडवायची चिपिंगची हातोडी होती, ती मी काढली आणि त्याच्या कोपरावर मारली. हाड वाजलेलं ऐकलं मी. वेणी सुटली. मी उभी राहिले आणि बोलले, "आता कोण येतो पुढे?" बापाचा भाऊ तो. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, आणि ह्याचंच मला नंतर वाईट वाटलं. तुझ्या-माझ्यात रक्त एकच आहे, दुसरं काय.

मग मी बघितलं.

हर्षितचा जोड खाली, बूमच्या बुडाशी, पिनेजवळ. अख्खा. नख लावलं, बोट फिरवलं, परत लाल रंग मारला. स्वच्छ. हात जोडून बसले मी त्या जोडासमोर, रडले, भोकाड पसरून रडले. माझा नवरा खुनी नाही. मीही नाही.

बूम तुटलाय तो चांगला हातभर वर. खालचा जॅक बूमला जिथे रेटा देतो त्याच्या जरा वरती, वरच्या पत्र्यावर. वजन उचललं की सगळा ताण तिथेच येतो. तुटलेलं तोंड बहुतेक सगळं करडं, ताजं, दाणेदार. पण वरच्या कडेला नखाएवढा एक भाग तांबूस. गंज. ताज्या तुटलेल्या लोखंडाला गंज नसतो. म्हणजे तेवढा तडा जुना, आतल्या आत महिनोन्महिने पाणी पीत बसलेला, प्रत्येक उचलीला थोडा थोडा वाढलेला. आणि तो नखाएवढा भाग कुठून सुरू होतो सांगू? एका कडीच्या पायापासून.

दसऱ्याची कडी. हार अडकवायला लावलेली. अजून तिला झेंडूच्या वाळक्या देठांचा गुंता आहे. डिसेंबरमध्ये आम्ही खाली काम करत होतो तेव्हाही तो वाळका हार तिथेच लोंबत होता, गुलालाने माखलेला. पूजेचा हार कोण कशाला बाजूला करेल?

एवढीशी कडी. ना पत्रा शेकलेला, ना रॉड भट्टीतला. साध्या रॉडचे दोन टाके, चट चट. तेवढ्याने पत्र्याची ती जागा काच झाली.

बाबांनी लावली असणार. दसऱ्याला ते सकाळीच यार्डात गेलेले. हौस त्यांना दांडगी, तुला माहीतच आहे. तर असं आहे. ज्याला जिता सोडणार नव्हतास तो आधीच गेलेला होता. हर्षितचा हात फुकट गेला.

पोलिसांना बोलावून तो तुकडा सील करून लॅबला पाठवायला लावलाय. काकाचा हात गळ्यात आहे.

रुपाली


डोंबिवली, २३ मार्च

हितेश,

मी खोटं लिहिलेलं. वकिलांकडून तू जे कळवलंस त्याच्या आधीच मला माहीत होतं. तुझा टाका मी ओळखते. आयटीआयमध्ये शेजारी शेजारी बसून शिकलो आपण. टाका संपवताना तू हात डावीकडे झटकतोस, तिथे शेपूट राहतं. मास्तर किती ओरडायचे. कडीच्या दोन्ही पायांशी ते शेपूट होतं.

मी परत जाऊन हर्षितला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. त्याने पाटी मागितली आणि लिहिलं, 'त्याला सांगू नको. आत एकटा आहे. जिवाचं काही करून घेईल.' मी पाटी भिंतीवर फेकणार होते. ज्याने तुझं तोंड फोडलं त्याची काळजी करतोस? पण मग लिहिलं तसं, बाबांच्या नावावर. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं वाटलं.

तुला पडला फरक. वकिलांचा फोन आला तेव्हा मी औषधाच्या दुकानात होते. ते बोलले, हितेश जाळीपलीकडून ओरडत होता, 'ताईला सांगा, बाबांनी नाय, मी लावली. आणि 'गोदा'वर पण लावलीय. तशीच. त्याच दिवशी. आजच्या आज थांबवा.'

औषधं तशीच दुकानात टाकून मी धावले. मी दसऱ्याला फक्त संध्याकाळी 'एकवीरा'च्या पूजेला आलेले. आईच्या नावाची दुसरी क्रेनही तू सजवलीस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि 'गोदा' रोज चालू होती, कोपर गावात, टॉवरच्या साईटवर.

मी गेले तेव्हा सळ्यांचा भारा हवेत होता. खाली अद्वय, काकाचा पोरगा, हात वर करून इशारे करत होता, बाबा करायचे तसाच, नेमका बूमच्या खाली. काका गळ्यात हात बांधून खुर्चीवर. मला बघून उठला. "परत आलीस? दुसरा हात पण मोडायला आलीस का?"

मी बोलले, "काका, बूम खाली घे. कडी आहे ह्याच्यावरही. तडा असेल."

"घर बुडवायला निघालीस तू आमचं. एकच क्रेन उरलीय." असं बोलून त्याने ऑपरेटरला हात केला, चालू ठेव.

अद्वयला हाक मारली तर इंजिनात ऐकू जाईना. मग मी क्रेनवर चढले आणि हातोडीने केबिनची काच फोडली. काचा ऑपरेटरच्या मांडीवर. त्याने दचकून ब्रेक मारला, भारा झोकांडला आणि उभ्या ट्रकच्या टपावर आदळला, टप आत गेला. सगळी साईट ओरडायला लागली. काकाने मला पायाला धरून खाली ओढलं आणि उरलेल्या हाताने अशी मुस्कटात दिली की ओठ फाटला. एक गवंडी फावडं घेऊन आला. मी रक्त थुंकले आणि ओरडले, "अद्वय, तुझ्या डोक्यावर आहे ती! बाजूला हो!"

अद्वयने ऐकलं. त्याने वर बघितलं, मग बापाकडे बघितलं आणि बोलला, "बाबा, बघू दे ना तिला. बघण्याचे काय पैसे पडतात?"

भारा जमिनीवर टेकवला. बूम आडवा केला. तुझी कडी होतीच, शेपटासकट. मी पुसलं, लाल मारला, थांबले, पुसला, पांढरी पावडर उडवली. सगळे गोल करून उभे. फावडंवालाही. आधी काहीच नाही. काका बोलणार तेवढ्यात पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, कडीच्या पायापासून दोन्ही बाजूंना, बोटभर लांब. मग ती ओघळायला लागली.

काका खाली मातीत बसला. मोडक्या हाताने पोराची चड्डी धरून ठेवलेली, वीस वर्षांच्या घोड्याची, सोडेचना. नंतर मला बोलला, "वहिनीला कडीचं मी काय सांगणार नाय, बाय. तूच बघ काय ते."

अद्वय जिवंत आहे तो तुझ्या निरोपाने. तेवढं तुझ्या नावावर. बाबा तुझ्या कडीने गेले, तेही. मी दोन्ही लिहितेय, एकाने दुसरं पुसायला नाही.

रुपाली


डोंबिवली, ३० मार्च

हितेश,

लॅबचं आलं. मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच त्यांनी यंत्राने पाहिलं. हर्षितवरचं कलम काढतायत. मी बातमी सांगितली तेव्हा तो झोपलेला. उठवून सांगितली. त्याने पाटीवर लिहिलं, 'रॉड कुठे ठेवलेले त्याने?' हाच प्रश्न, दुसरा काही नाही. मी आपल्या यार्डातली ती पत्र्याची पेटी आठवली, मोरीला लागून ठेवलेली, तळाला कायम ओल. सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि मान हलवली. अंगठा आणि शेजारचं बोट हलतं त्याचं. बाकीची तीन नाही. परत वेल्डिंगचा होल्डर धरता येणार नाही, हे आता डॉक्टरही तोंडावर बोलले.

'गोदा'वरची कडी मी काढली. कटरने नाही, हाताच्या ग्राइंडरने, थांबत थांबत, पत्रा तापू न देता. तडा संपेपर्यंत घासत गेले. तो बूम आता कामाचा नाही, पण म्हणून कशीही उपटू का?

आता जे सांगायला बसले ते सांगते.

आई मंगळवारी आलेली. हर्षितसाठी खाडीतल्या निवट्या माशांचा रस्सा गाळून आणलेला, चमच्याने पाजत होती. तोंडाला लागलेलं पदराने पुसत होती, तुला पुसायची तसंच. नदीवरच्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, नुसती येते, पाजते, जाते. त्या दिवशी बोलली. मला नाही, त्याला. "हर्षित, तुला खोटं वाटेल. आदल्या दसऱ्याला हार दोरीने बांधलेला, अर्ध्या पूजेत सुटून चिखलात पडला. माझ्या काळजात धस्स झालं. म्हणून यंदा मीच हितेशच्या मागं लागली. रडली त्याच्यापुढं. चांगली लोखंडाची कडी लाव, दोन्ही गाड्यांना लाव, हार पडता कामा नाय. त्याला कंटाळा आलेला, तरी माझ्यासाठी लावली पोराने. आणि बघ ना देवीचं. हार नाय पडला. माझा माणूस पडला."

हर्षितच्या तोंडातून रस्सा बाहेर आला. तिला वाटलं गरम लागला. फुंकर मारत बसली.

तिला काही माहीत नाही, हितेश. तडा, गंज, लॅब, काही नाही. कडीने राखलं नाही एवढंच तिचं देवीशी भांडण आहे.

तर आता तुझा न्याय लाव. बूम कडीने तोडला. कडी तू लावलीस. लावायला आईने लावली. ज्याने जीव घेतला त्याला जिता सोडणार नाही असं पिंडासमोर हात जोडून बोललायस. पाना पोलिसांकडे जमा आहे, नाहीतर मीच आणून दिला असता. जा, चालत जा, जसा जीपपर्यंत गेलेलास.

मी तुला सोडलेलं नाही. कोर्टात उभी राहीन आणि सगळं सांगेन, पाना आणि छत्री आणि आईच्या पदरावरचे दात. पण त्या दिवशी कडीही निघणार. तुझा वकील काढेल, नाहीतर आमचा. भर कोर्टात कुणीतरी काळ्या कोटातला मोठ्याने वाचून दाखवेल, 'हार अडकवण्यासाठी लावलेली लोखंडी कडी', आणि आई बाकावर बसलेली असेल. तिला घरी राहा बोलून बघितलं. "माझा पोरगा उभा असेल आणि मी घरी बसू?" असं बोलली.

म्हणून तिला त्याआधी कळायला पाहिजे, आपल्या माणसाकडून. मी दोनदा तोंड उघडलं आणि चहाचं विचारलं. हर्षित पाटी पालथी घालतो. उरलास तू.

ती ह्या गुरुवारी तुला भेटायला येतेय. तू सांगायचंस. बाबांवर ढकलू नकोस, देवीवर ढकलू नकोस. तुझे टाके, तुझे दमट रॉड, तू पत्रा शेकला नाहीस, हे आधी सांग, नीट सांग, म्हणजे तिच्या वाट्याला कमीत कमी येईल. मग ती स्वतःहून कडीपर्यंत पोचेल, आणि तिचा चेहरा कसा होईल ते तुला बघावं लागेल. तिला तेव्हा धरायला कुणीतरी लागेल. मी बाहेर रांगेत असेन, आत एकालाच सोडतात. आणि तू हात पुढे केलास तरी पोचणार नाही, मध्ये जाळी असते.

ताई